विहीर कुठं धरायची?

मोईनभाईच्या पंक्चरच्या दुकानात मागच्या भिंतीवर जुन्या ट्यूबा टांगलेल्या असतात. एकही कामाची नाही. टाकून द्या म्हटलं की मोईनभाई म्हणतो, "राहू द्या भाऊ, कवा ना कवा लागती." आमच्याकडचे किस्से असेच साठले आहेत. कुणी मुद्दाम ठेवले नाहीत, कुणी टाकलेही नाहीत. एक ओढला की त्याला अडकून बाकीचे खाली येतात!

आमच्याकडचे म्हणजे नेकनूरच्या फुटबॉलचे. मोईनभाईचं दुकान बाजारतळाच्या समोर आहे आणि बाजारतळ हेच आमचं मैदान. संध्याकाळी दुकानात बसणारे आम्ही तिघं. एक मोईनभाई स्वतः. तरुणपणी गोलकीपर होता, अजूनही कुणी किल्ली फेकली तर दोन्ही हातांनी छातीशी झेलतो. दुसरा बंडूशेठ, खताचा दुकानदार. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, आणि मिळालं नाही तर तो स्वतः तयार करतो. तिसरा मी. मला लिहायची सवय आहे, त्यामुळं माझ्यासमोर दोघंही जरा जपून खोटं बोलतात.

परवा बंडूशेठ मोबाइलवर युरोपातल्या कुठल्याशा क्लबची बातमी वाचत होता.

"हे बघा. हा मॅनेजर तिकडच्या क्लबात होता तवर कपावर कप. इकडं आला आन् वर्षाच्या आत हाकलला. माणूस तोच, डोकं तेच. मग कावून?"

"मालक वाईट आसंल," मोईनभाई म्हणाला.

"मालक लई चांगला हाय. पैसा ओततो."

मोईनभाईनं ट्यूब पाण्यात दाबली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं आणि म्हणाला, "परदेशात कशाला जातो बे? आपले गव्हाणे सर तेलगावला गेलते, त्यांचं काय झालं?"

झालं. सगळ्या ट्यूबा खाली आल्या.

*

गव्हाणे सर आमच्या हायस्कुलात पीटीचे शिक्षक. तुकडी विनाअनुदानित. म्हणजे शिट्टी शाळेची आणि पगार देवाच्या मर्जीचा. पण शाळेच्या आणि गावच्या पोरांची टीम त्यांनी अशी बांधली होती की जिल्ह्यातले क्लब स्पर्धेचा ड्रॉ हातात आला की आधी नेकनूर कुठं आहे ते बघायचे.

बाजारतळ एका अंगाला उतरतं. उताराच्या टोकाला कठड्याची जुनी विहीर, वरच्या अंगाला लिंब. एका गोलच्या मागं रस्ता, दुसऱ्याच्या मागं चावडी. गुरांच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पोरं आधी शेण उचलायची, खुंट्यांची भोकं बुजवायची आणि मग सराव. सरांचं सगळं कोचिंग चार शब्दांत होतं: विहिरीकडं, लिंबाकडं, रस्त्याकडं, चावडीकडं. सर लाइनवरून ओरडले "विहिरीकडं!" की अख्खी टीम एका दोरीनं ओढल्यासारखी त्या अंगाला सरकायची. समोरच्या टीमला काही कळायच्या आत बॉल आमच्याकडं.

एकदा बीडहून आलेल्या रेफ्रीनं हाफटाइमला सरांना बाजूला घेतलं. "सर, तुम्ही डावीकडं, उजवीकडं असं का नाही म्हणत? सगळं जग म्हणतं."

सर म्हणाले, "हाफटाइमला बाजू बदलती. मंग डावं उजवं होतं आन् उजवं डावं. विहीर बदलत न्हाई."

रेफ्रीनं थोडा विचार केला आणि दुसऱ्या हाफची शिट्टी फुंकली.

*

बाहेरगावी मॅच असली की तिथं विहीर कुठून आणायची? त्याची एक रीत होती. टीम मैदानावर उतरली की कॅप्टन अण्ण्या एक चक्कर मारायचा आणि सरांना येऊन विचारायचा, "सर, विहीर कुठं धरायची?" अण्ण्या बॅकला खेळतो, एरवी टेम्पो चालवतो. सर चारी बाजूंना बघायचे आणि एक बाजू सांगायचे. त्या दिवसापुरती विहीर तिकडं. मग बाकीच्या तीन दिशा आपोआप लागायच्या.

चौसाळ्याला अशीच मॅच होती. मैदानाला लागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान. अण्ण्यानं विचारलं, "सर, विहीर कुठं धरायची?"

सर म्हणाले, "हायवेच्या अंगाला धर."

बांधावर बसलेला म्हातारा तट्कन उठला. "पोरांनो, उगं येड्यावानी करू नका! माझे दोन बोअर फेल गेलेत हितं. हायवेच्या अंगाला तर निस्ता दगड हाय!"

सरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "बाबा, आमाला मॅच संपूस्तवरच पायजे."

म्हातारा पूर्ण मॅच थांबला. जाताना अण्ण्याला हळूच विचारून गेला, "लागलं का काई?"

*

दिवाळीनंतर आमची टीम निम्मी होते, कारण निम्मी घरं ऊसतोडीला जातात. त्या वर्षी सेमीफायनल आली आणि गोलकीपर सुदाम नेमका भावासोबत तोडीला गेलेला, पार कर्नाटकाच्या हद्दीवर.

सर एसटीनं उसाच्या फडावर पोचले. मुकादम आमच्याच भागातला. तो म्हणाला, "सर, न्यायचं तर न्या, पर माझा अर्धा कोयता कमी पडतो." तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा.

सर म्हणाले, "त्याच्या जागी मी राहतो. मॅच झाली की तो येईल."

मुकादमानं सरांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमी? तुमी पाव बी भरायचे न्हाई!"

सरांनी डोक्याला टॉवेल बांधला आणि फडात शिरले. दुपार व्हायच्या आत मुकादमानं सुदामला हाक मारली. "चल, पिशवी भर आन् ह्यांला घेऊन जा. मास्तर बुडखा सोडून कमरेतून ऊस तोडायलेत. संध्याकाळपर्यंत राहिले तर माझा फड बुडाला!"

सेमीफायनल झाली. सुदामनं पेनल्टी अडवली, तरी सरांनी टाळी वाजवली नाही. पोरांना वाटलं, आपला खेळ सरांना आवडलेला नाही, म्हणून ती आणखी जीव तोडून खेळली आणि जिंकली. सरांच्या दोन्ही तळव्यांना फोड आलेत हे मॅचनंतर सत्काराचा हार घ्यायला हात पुढं केला तेव्हा दिसलं!

*

माझाही एक किस्सा यात आहे. लहानसा आहे.

शैला गेली त्या वर्षी लोक भेटायला येत, आणि माझी बायको किती चांगली होती हे मला सांगत. गव्हाणे सर बऱ्याच उशिरानं आले. त्यांच्या रिवाजाप्रमाणे बसले, पाणी प्याले. मी चहा केला. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर विसरली, भाऊ."

मी साखर आणून दिली. ढवळत म्हणाले, "उद्या लाइनला माणूस न्हाई. झेंडा धराल का?"

मी म्हटलं, "सर, मला ऑफसाइड कळत नाही."

"कोणाला कळतंय!" सर म्हणाले आणि चहा संपवून उठले.

तेव्हापासून मी लाइनला उभा राहतो. तो झेंडा आमच्या दारामागं असतो, शैलाच्या छत्रीशेजारी. ऑफसाइड अजूनही पुरतं कळलेलं नाही, पण त्याबद्दल दोन्ही टीमची सारखीच तक्रार असल्यामुळं मला निःपक्षपाती समजतात.

*

तेलगावकडच्या एका संस्थेला फुटबॉलची टीम काढायची होती. होस्टेल होतं, हिरवळीचं मैदान होतं, जाळी लावलेले गोल होते. कोच तेवढा नव्हता. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. त्यांनी निरोप धाडला: पूर्ण पगार, राहायला क्वार्टर, आणि सरांच्या मुलीला, रुपालीला, संस्थेच्याच नर्सिंग कॉलेजात प्रवेश.

सर दुकानात येऊन बसले. निरोप सांगितला. मोईनभाईच म्हणाला, "जाओ सर. हितं शिट्टी चावून पोट भरतं का?"

सामान अण्ण्याच्या टेम्पोतून गेलं. मोईनभाई आणि मी सोबत गेलो. निघताना सर पोरांना काहीतरी सांगतील म्हणून सगळी टीम जमली होती. सर म्हणाले, "विहिरीचा कठडा ढासळायलाय. बॉल गेला तर कोणाला उतरू देऊ नका." आणि केबिनमध्ये बसले.

तेलगावला पोचलो त्याच संध्याकाळी सराव होता. हिरवंगार मैदान, एका रंगाचे मोजे, सगळ्यांचे केस एकाच न्हाव्यानं कापल्यासारखे. बाजूला खुर्ची टाकून आबासाहेब. खेळ रंगात आला आणि सर सवयीनं ओरडले, "विहिरीकडं!"

सगळी पोरं जागच्या जागी थांबली. एक स्ट्रायकर, चांगला चलाख पोरगा, धावत आला आणि अदबीनं म्हणाला, "सर, पाण्याची सुट्टी झाली का?"

आबासाहेबांनी सरांना खुर्चीपाशी बोलावलं. "सर, खेड्यातलं खेड्यात राहू द्या. आपल्याकडं लेफ्ट-राइट चालतं."

दुसऱ्या दिवसापासून सर लेफ्ट-राइट म्हणू लागले. पण सर उभे असायचे पोरांकडं तोंड करून. त्यांचं लेफ्ट ते पोरांचं राइट. निम्मी पोरं सरांचा शब्द ऐकायची, निम्मी सरांचा हात बघायची, आणि मैदानाच्या मधोमध दोघांची गाठ पडायची!

*

इकडं नेकनूरलाही कोच आला. शाळेनंच आणला. लायसनवाला, शहरात दोन ट्रॉफ्या मिळवलेला. बंडूशेठला फार आनंद झाला. म्हणाला, "आता बघा शास्त्र काय असतं!"

पहिल्या दिवशी कोचनं फळा लावला, त्यावर बाण काढले आणि सांगितलं, "बॉल गेला की लगेच ट्रान्झिशन. बॉल आला की लगेच ट्रान्झिशन. समजलं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. अण्ण्यानं हात वर केला. "सर, ट्रान्झिशन विहिरीच्या अंगाला का लिंबाच्या?"

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सराव झाला आणि कोच आपले प्लॅस्टिकचे लाल कोन मैदानावरच विसरला. सकाळी धावत येऊन बघतो तर एका व्यापाऱ्यानं ते आपल्या बैलजोडीच्या दोन्ही अंगांना ओळीनं मांडलेले.

कोच म्हणाला, "हे माझे आहेत."

व्यापारी म्हणाला, "घ्या की! फकस्त बैल इकूस्तवर थांबा. सकाळपासून गिऱ्हाईक ह्या टोप्या बघूनच थांबायलंय!"

कोच थांबला. बैल विकले गेले. त्या हंगामात त्या कोचच्या हातून नेकनूरचं भलं झालेलं एवढं एकच. तो गेल्यावर शाळेनं दुसरा आणलाच नाही. अण्ण्या आणि पोरं सरांच्या त्याच चार शब्दांवर आपली आपण खेळू लागली आणि पुन्हा जिंकू लागली.

बंडूशेठ म्हणाला, "म्हणजे कोच लागतच न्हाई." मग स्वतःच म्हणाला, "तसं बी न्हाई." त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला कारण तयार करता आलं नाही.

*

नेकनूरला असताना सरांचा एक नेम होता. संध्याकाळी एखाद्या खेळाडूच्या घरी जायचं, दारात बसायचं, पाणी मागायचं, प्यायचं आणि निघायचं. विचारायचं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी कोणाला बसवायचं, कोणाला रागवायचं, कोणाला मुळीच रागवायचं नाही, हे त्यांना नेमकं माहीत असायचं. सुदामची आई म्हणायची, "मास्तर पानी पितो आन् घर वाचून जातो."

तेलगावला घरं नव्हती, होस्टेल होतं. तिथला किस्सा सरांनीच मोईनभाईला फोनवर सांगितला. एका संध्याकाळी त्यांनी त्या चलाख स्ट्रायकरच्या खोलीचं दार वाजवलं. पोरानं दार उघडलं, सरांना बघितलं आणि काही विचारायच्या आत होस्टेलात बंदी असलेली विजेची किटली कॉटखालून काढून त्यांच्या पुढं ठेवली.

"सर, आईशपथ, ही माझी न्हाई!"

सर म्हणाले, "अरे, मी पाणी प्यायला आलतो."

"कूलर खाली जिन्यापाशी हाय, सर."

फोन स्पीकरवर होता. आम्ही तिघंही हसलो. सरही हसले. मग त्यांनी विचारलं, "लिंबाखाली कोण बसतं आता?"

*

तेलगावची टीम हरत गेली. पोरं चांगली होती, हे आमच्या डोळ्यांनी पाहिलेलं. सरही तेच होते. पण हरत गेली.

बंडूशेठचा माल तेलगावला जातो. तिकडून येताना तो बातमी घेऊन आला. आबासाहेबांनी सरांना सांगितलं होतं, ह्या स्पर्धेची ट्रॉफी आली नाही तर क्वार्टर खाली करा. क्वार्टर गेलं म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी गेली म्हणजे रुपालीचा प्रवेशही गेला. ती तेव्हा अर्ध्या शिक्षणावर होती. इकडं शाळेनं सरांची जागाच केव्हाची रद्द केलेली.

त्याच आठवड्यात स्पर्धेच्या सेमीफायनल झाल्या. एक तेलगावनं जिंकली, ह्या स्पर्धेत नशिबानं पुढं सरकत, कशीबशी. दुसरी नेकनूरनं जिंकली. फायनल तेलगावला, त्यांच्याच मैदानावर.

दुकानात तोच विषय चालला होता. तेवढ्यात अण्ण्या टेम्पोत हवा भरायला आला.

बंडूशेठ म्हणाला, "अण्ण्या, ह्या बारीला हरा की बे. सरांची पोरगी शिकायलीय."

अण्ण्या म्हणाला, "मुद्दाम हरलो तर सरांला तवाच कळंल. पुन्हा तोंड बघायचे न्हाईत आमचं."

"मग जिंकणार?"

"जिंकलो तर रुपाली घरी."

"मग करणार काय?" मोईनभाईनं विचारलं.

"मागच्या चाकात जरा जास्ती भरा," अण्ण्या म्हणाला.

*

आता फायनलचा किस्सा. हा मी स्वतः पाहिलेला आहे. त्या दिवशी लाइनला बाहेरचे लोक होते, त्यामुळं माझा झेंडा घरी आणि मी मोईनभाई आणि बंडूशेठसोबत दोन्ही टीमच्या बाकांच्या मधे, रिकाम्या हातानं.

मैदानाच्या एका अंगाला मंडप, माईक आणि आबासाहेब. दुसऱ्या अंगाला पाण्याची उंच टाकी. टाकीखालच्या सावलीत नर्सिंगच्या मुली पांढऱ्या ड्रेसमध्ये उभ्या होत्या, त्यांत रुपाली. सर संस्थेच्या निळ्या ट्रॅकसूटमध्ये. चेन गळ्यापर्यंत लावलेली. आमच्याकडं बघून त्यांनी मान हलवली, पण आले नाहीत.

मॅचच्या आधी अण्ण्यानं रिवाजाप्रमाणे मैदानाला एक चक्कर मारली. चक्कर संपवून तो सरळ चालत गेला तो तेलगावच्या बाकापाशी, सरांच्या समोर.

"सर, विहीर कुठं धरायची?"

सरांनी चारी बाजूंना बघितलं. नेहमी बघायचे तेवढंच. "टाकीच्या अंगाला."

अण्ण्या मान हलवून वळला. चारदोन पावलं गेल्यावर थबकला. पण मागं वळून बघितलं नाही. पोरांना जाऊन सांगितलं, "टाकीच्या अंगाला."

मोईनभाई माझ्या कानाशी म्हणाला, "भाऊ, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "बघू."

मॅच खरी झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोक बरंच काही बोलले. नेकनूरची पोरं जीव तोडून खेळली. सुदामनं दोनदा चित्त्यासारखी उडी मारली. तेलगावच्या पोरांनीही तसाच खेळ केला. सर पूर्ण वेळ लेफ्ट-राइट ओरडत होते आणि त्यांची पोरं निम्मी ऐकत होती. गोल कुणाचाच होईना. आबासाहेबांचा माणूस दोनदा मंडपातून मैदानाला वळसा घालून सरांच्या कानाशी काही सांगून गेला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा सरांनी टाकीकडं बघितलं. मुली काहीतरी ओरडत होत्या. रुपाली ओरडत नव्हती.

मॅच संपत आली. बॉल मंडपाच्या अंगाला त्या चलाख स्ट्रायकरच्या पायाशी. समोर अण्ण्या आणि आमची सगळी बॅक, भिंतीसारखी. त्यातून वाट काढणं त्या पोराला शक्य नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं होतं. तो बॉलवर पाय ठेवून नुसता उभा राहिला.

सर लाइनपर्यंत पुढं आले. त्यांनी ट्रॅकसूटची चेन खाली ओढली, दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि मोईनभाईच्या दुकानात बसून आम्ही वर्षानुवर्षं ऐकला तो आवाज काढला.

"विहिरीकडं!"

तेलगावच्या एकाही पोरानं मान वळवली नाही.

अण्ण्या वळला. त्याच्यामागं सगळी बॅक वळली, आणि एका दोरीनं ओढल्यासारखी टाकीकडं धावत सुटली. सुदामनंसुद्धा गोल सोडून त्या अंगाला पावलं टाकली. मंडपाच्या अंगाला तो पोरगा, बॉल, आणि उघडी जाळी. त्याला वाटलं शिट्टी झाली. त्यानं रेफ्रीकडं बघितलं, मागं बघितलं, आणि मग लहान मुलाकडं सरकवावा तसा बॉल जाळीत सरकवला.

माईकवरून आबासाहेबांचा आवाज आला, "याला म्हणतात शास्त्रशुद्ध ट्रेनिंग!" टाकीखालच्या मुली नाचायला लागल्या. सर लाइनवर तसेच उभे. त्यांनी टाळी वाजवली नाही.

ट्रॉफी तेलगावला राहिली. आम्ही अण्ण्याच्या टेम्पोतून परत निघालो. मोईनभाई आणि पोरं मागं झोपली. पुढं अण्ण्या, मी, आणि मधे बंडूशेठ, ज्याला कारण पाहिजे होतं.

"अण्ण्या, मी हरा म्हणलतो, खरंय. पर एकदम सगळे एकाच अंगाला? कावून पळाले बे?"

"सर म्हणले विहिरीकडं. आमी गेलो."

"आरं, सर त्यांच्या पोरांला म्हणत होते!"

समोर उसाची ट्रॉली होती. अण्ण्यानं हॉर्न वाजवला, ट्रॉली मागं टाकली, गिअर बदलला.

"त्यांच्या पोरांला कुठं विहीर माहीत हाय?"